वऱ्हाड निघालं मँचेस्टरला

एका गुंठ्यात बारा टी-शर्ट पिकतात.

हा आकडा कुठे वाचलेला नाही, गेल्या शनिवारी स्वतः बसून काढलाय. कोरडवाहू कपाशीचं उत्पन्न हेक्टरी साधारण ३०० किलो रुई धरा (रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस). एकरी झाली १२० किलो. एकराचे गुंठे ४०, म्हणजे गुंठ्याला ३ किलो. टी-शर्ट पाव किलोचा. सूतगिरणीतली घट, कापताना वाया जाणारं कापड वगैरे सगळं सोडून दिलं तर झाले १२ नग. उलटं केलं तर एका टी-शर्टला ९० चौरस फूट जमीन लागते, पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत. पुण्यात वन बीएचके शोधणाऱ्यांना ९० चौरस फूट म्हणजे काय ते सांगायला नको. बिल्डर त्याला बेडरूम म्हणतो.

माझ्या कपाटात मोजून ३६ टी-शर्ट निघाले. अर्धे कुठल्या ना कुठल्या हॅकेथॉनचे, फुकट मिळालेले. म्हणजे कुठेतरी तीन गुंठे जमीन एक अख्खा हंगाम माझ्यासाठी राबली. जीन्स, टॉवेल, चादरी अजून धरल्याच नाहीत. सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचं. (चिकित्सक वाचकांसाठी: सरकीची ढेप गुरांना जाते, तेल आपल्या पोटात जातं, त्यांचा वाटा वजा करायला हवा. मान्य. पण शनिवार होता.)

आता तुम्ही म्हणाल हे तर 'इकॉलॉजिकल फूटप्रिंट' झालं. बरोबर. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विल्यम रीस आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी मॅथिस वॅकरनेगल यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत ही पद्धत बसवली. १९९२ मध्ये रीसचा लेख आला, १९९६ मध्ये दोघांचं पुस्तक. प्रश्न साधा आहे: एखाद्या शहराला, देशाला किंवा माणसाला पोसायला एकूण किती जमीन आणि किती समुद्र लागतो? मग ती जमीन कुठेही असो. जमिनीची प्रत जगभर वेगवेगळी, म्हणून सगळं 'ग्लोबल हेक्टर' नावाच्या एका सरासरी हेक्टरात बदलून घ्यायचं. माणशी मागणी साधारण २.६ ग्लोबल हेक्टर येते आणि पृथ्वीकडे माणशी दीडच्या आसपास आहेत. त्यावरून ते 'आपल्याला पावणेदोन पृथ्व्या लागतात' हे वाक्य येतं आणि दरवर्षी तो 'अर्थ ओव्हरशूट डे' येतो. २०२५ मध्ये तो २४ जुलैला होता. म्हणजे वर्षभराचा माल जुलैतच संपला, पुढे उधारी.

हे सगळं ऑफिसच्या पर्यावरण दिनाच्या पोस्टरवर असतं आणि पोस्टरवरच राहतं. मला त्यात रस निर्माण झाला तो वेगळ्याच कारणाने. मी अकोल्याचा, आजोळ दर्यापूर तालुक्यातलं. कुणाच्यातरी गरजेपोटी 'दुसरीकडे कुठेतरी' राबणारी जमीन हा रीस आणि वॅकरनेगलसाठी अभ्यासाचा विषय होता. आमच्याकडे तो १८६० नंतरचा सरकारी कारभार होता. माणसं नेमली होती, आकडे गोळा होत होते, अहवाल छापले जात होते. लक्ष्मण देशपांड्यांचं वऱ्हाड लंडनला निघालं त्याच्या शंभरएक वर्षं आधी आमचं वऱ्हाड मँचेस्टरला जाऊन पोचलं होतं. :-)

थोडं मागून सुरुवात करतो. जॉर्ज बोर्गस्ट्रॉम नावाच्या अन्नशास्त्रज्ञाने १९६५ साली एक शब्द वापरला, 'घोस्ट एकरेज'. आपण भूत-एकर म्हणू. देशाच्या नकाशात नसलेली, पण देशाचं पोट भरणारी जमीन. पुढे २००० साली केनेथ पोमेरान्झ या इतिहासकाराने तीच कल्पना इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीला लावली. त्याचा हिशोब मला फार आवडतो, कारण तो पाकिटाच्या मागच्या बाजूला करता येईल इतका साधा आहे. ब्रिटन अमेरिकेतून कापूस आणत होता. तो आला नसता आणि तेवढंच सूत मेंढ्यांच्या लोकरीचं काढायचं झालं असतं, तर मेंढ्यांना किती कुरण लागलं असतं? १८१५ च्या आयातीसाठी जवळपास ९० लाख एकर. १८३० च्या आयातीसाठी २ कोटी ३० लाख एकर. ब्रिटनमधली सगळी शेतं आणि सगळी कुरणं मिळूनसुद्धा एवढी जमीन नव्हती. इंग्लंड नावाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सर्व्हरवर चाललं होतं.

आणि एप्रिल १८६१ मध्ये तो सर्व्हर बंद पडला. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. ब्रिटनला लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस गुलामांकडून राबवून घेतलेल्या अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. तो थांबला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहिले (तिकडे त्याला 'कॉटन फॅमिन' म्हणतात, कापसाचा दुष्काळ, हा शब्द लक्षात ठेवा). बॅकअप शोधायची धावपळ सुरू झाली. इजिप्त, ब्राझील आणि हिंदुस्थान.

हिंदुस्थानात कुठे, याचं एक तयार उत्तर हाताशी होतं. निजामाने कंपनीच्या 'हैदराबाद कंटिंजंट' फौजेचे पैसे थकवले होते आणि त्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेलं. नावही कसं दिलं बघा: 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. आज आपण जिरा तिकीट असाइन करतो तसं. मालक निजाम, ताबा इंग्रजांचा. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपये भाड्यावर कायमचाच पट्टा झाला. म्हणजे कागदावर आम्ही भाड्याने दिलेली जमीन होतो.

वऱ्हाडात कापूस इंग्रजांनी आणला असं मात्र नाही. तो आधीपासून होता. अमरावतीचे व्यापारी बैलांच्या पाठीवर कापूस लादून पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेकाठी पाठवत, तिथून नावेने कलकत्ता. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा कापूस रवाना केला असं म्हणतात, असं गॅझेटिअरने नोंदवलंय. एक लाखाचा आकडा थोडा फुगलेला असेल, पण चित्र डोळ्यासमोर आणा. पाचशे मैल चालणारे बैल वाटेत चरतच जाणार. म्हणजे त्या काळी वाहतुकीचं इंधन गवत होतं आणि त्याचा फूटप्रिंट रस्त्याच्या दोन्ही कडांच्या कुरणांवर पडत होता. मग जीआयपी रेल्वे आली. १८६७ च्या फेब्रुवारीत ती भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. बैलाचं गवत गेलं, इंजिनाचा कोळसा आणि रुळाखालचे लाकडी स्लीपर आले. मागणी संपली नाही, फक्त दुसऱ्या खात्यावर टाकली गेली.

या सगळ्या धामधुमीत दोन प्रकारची मोजणी वऱ्हाडात झाली आणि मला खरं तर त्याबद्दलच लिहायचंय.

पहिली मोजणी जमिनीची. १८६० च्या दशकात मुंबई पद्धतीचा रेव्हेन्यू सर्व्हे वऱ्हाडात आला. ३३ फुटांची साखळी. ती चौकोनात फिरवली की १,०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठा. असे ४० गुंठे बरोब्बर एक एकर होतात. (४३,५६० हा आकडा पाठ करताना डोकं खाजवलं असेल तर त्याचं मूळ इथे आहे.) नुसती लांबी-रुंदी मोजून थांबले नाहीत. शेतात खड्डा घेऊन मातीची खोली बघायची, रंग बघायचा, चुनखड, वाळू, उतार असे दोष वजा करायचे आणि जमिनीला आण्यांत भाव द्यायचा. सोळा आणे म्हणजे अव्वल काळी, दोन आणे म्हणजे मुरमाड. दीडशे वर्षांपूर्वी, कॅल्क्युलेटर नसताना, शेत न् शेत असं मोजलं. डेटा क्वालिटी म्हणून बघितलं तर मी तरी टोपी काढतो. आपल्या आजच्या बऱ्याच प्रोजेक्टांत इतकी शिस्त नसते.

पण ही मोजणी सारा ठरवायला होती. ही जमीन सरकारला किती देऊ शकते हे त्यात होतं. ही जमीन गावाला किती देते, हा रकानाच नव्हता. गायरान, झुडपी रान, बैल चरायची जागा यांना सारा नाही, म्हणून त्यांना 'पडीक' म्हणायचं आणि पडीक म्हणजे अजून नांगराखाली न आलेली. आमच्याकडे अजूनही सरकारी चराईच्या जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. म्हाताऱ्या माणसालासुद्धा 'गायरान'पेक्षा 'ई-क्लास' पटकन कळतं. वर्गीकरण किती खोल जातं बघा, इंग्रजी अक्षर बोलीत जाऊन बसलं.

दुसरी मोजणी कापसाची. त्यासाठी खास अधिकारी नेमला, 'कॉटन कमिशनर', मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी. हॅरी रिव्हेट-कारनॅक हे त्याचं नाव. १८६० च्या दशकाच्या शेवटी याचे अहवाल येत होते: क्षेत्र किती, बियाणं कुठलं, गाठी किती, भेसळ कुठे. माणूस हुशार आणि कामसू. आजच्या भाषेत एका क्लायंटसाठी नेमलेला प्रॉडक्ट मॅनेजर, क्लायंट अर्थात लँकेशायर. त्याच्या लिखाणातला एक युक्तिवाद इतिहासकार पुन्हा पुन्हा काढतात आणि तो काढण्यासारखाच आहे. आपल्या अखत्यारीतल्या एका भागाबद्दल तो म्हणतो की इथे रेल्वेची शाखा आली की विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग इथले लोक जो कापूस स्वतःच कातून विणून संपवतात तो निर्यातीला मोकळा होईल. शिवाय कातणारे-विणणारे बेकार होतील, ते शेतमजुरीला मिळतील, आणि त्यांच्या हातांनी रान तोडून लागवड वाढवता येईल.

हे मी दोनदा वाचलं. यात द्वेष नाही, शिवी नाही. ही संसाधनांची गणितं आहेत. जमीन, माणसं, कापड, जंगल, सगळं एकाच समीकरणात बसवलंय आणि समीकरण बरोबर आहे. भूत-एकर कसे तयार होतात याची इतकी स्वच्छ कृती मी दुसरीकडे वाचलेली नाही. रीसच्या सव्वाशे वर्षं आधी एका माणसाला पक्कं कळलं होतं की दूरच्या माणसाची मागणी भागवायला जवळच्या माणसाची मागणी कमी करावी लागते. फक्त त्याला ती अडचण वाटली नाही, उपाय वाटला.

आणि उपाय चाललाही. युद्धाच्या चार वर्षांतच वऱ्हाडातलं कपाशीचं क्षेत्र जवळपास दुप्पट झालं. १८७० मध्ये जलंब ते खामगाव शाखा सुरू झाली, तिच्या उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. आठ मैलांच्या रेल्वेसाठी व्हाइसरॉय! पुढच्या वर्षी बडनेरा ते अमरावती. तारेने लिव्हरपूलचा भाव इकडे येऊ लागला. राली ब्रदर्स, वोलकार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्या कापसासाठी वऱ्हाडात उतरल्या. वोलकार्टचं अर्धं घर मुंबईत आणि अर्धं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला, म्हणजे कापूस न पिकणाऱ्या देशातला माणूस खामगावच्या बाजारात. जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण काही उगाच नाही.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर शीर्षकावरून भांडण होईल. मँचेस्टरला आमचा कापूस फारसा कधी आवडला नाही. धागा आखूड. अमेरिकेचं युद्ध संपलं, तिकडचा कापूस पुन्हा सुरू झाला तशी लँकेशायरची नजर परत तिकडे वळली. वऱ्हाडचा कापूस मग युरोप खंडातल्या इतर गिरण्यांकडे, मुंबईच्या गिरण्यांकडे आणि शतकाच्या शेवटी जपानकडे जाऊ लागला. क्लायंट बदलले, सर्व्हर तोच राहिला. शेतकऱ्याने मात्र लांब धाग्याची 'बनी' सोडून आखूड पण जास्त रुई देणारी 'जरी' धरली, आणि कॉटन कमिशनरच्या खात्याला जे हवं होतं त्याच्या बरोबर उलटं केलं. या तपशिलाने मला मनापासून बरं वाटलं.

आता तो शब्द आठवा, कापसाचा दुष्काळ.

ज्वारी हे वऱ्हाडाचं अन्न. चांगल्या वर्षीची ज्वारी जमिनीखाली पेवात साठवायची आणि वाईट वर्षी काढायची. म्हणजे पेव हा गावाचा बफर. कडबा गुरांना, गुरांचं शेण शेताला. कपाशीचं असं नाही. पऱ्हाटी जळणाला येते तेवढीच, बाकी सगळं गाठीत बांधून स्टेशनवर. कापूस पेवात ठेवून खाता येत नाही, विकून ज्वारी आणावी लागते, आणि ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी कापूस कमी आणि ज्वारी महाग, दोन्ही एकदम. १८९६-९७ मध्ये पाऊस गेला. १८९९-१९०० मध्ये पुन्हा गेला, आधीपेक्षा वाईट. यावेळी रेल्वे होती, तार होती, म्हणजे धान्य लगेच आणता येईल अशी सोय होती. पण रुळ दोन्हीकडे जातात. माईक डेव्हिसने त्याच्या दुष्काळांवरच्या पुस्तकात दाखवलंय की दुष्काळाच्या त्या वर्षीही वऱ्हाडातून कापसाच्या गाठी तर गेल्याच, धान्यसुद्धा बाहेर गेलं. भाव जिकडे तिकडे माल. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (१९९७) हे अख्खं पुस्तक या एका जोडीवर आहे.

जनगणनेचे आकडे असे आहेत. १८९१ मध्ये वऱ्हाडात २८,९७,४९१ माणसं. १९०१ मध्ये २७,५४,०१६. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती १,४३,४७५ ने कमी झाली. यात मेलेले आहेत, निघून गेलेले आहेत, न जन्मलेले आहेत. ही वजाबाकी मी स्वतः केली, आणि त्यानंतर बराच वेळ एक्सेल नुसतंच उघडं होतं.

त्याआधी सगळं आबादीआबाद होतं असं मी म्हणत नाहीये. दुष्काळ पूर्वीही पडत. फरक मला मोजणीत दिसतो. ज्या प्रदेशाचं शेत न् शेत साखळीने मोजलेलं, ज्याच्या गाठी न् गाठी मोजलेल्या, त्याच प्रदेशात पेवं किती रिकामी झाली हे मात्र मोजायचं कुणाचं कामच नव्हतं. मागणी मोजली ती मागणाऱ्याच्या बाजूने.

मग आजच्या फूटप्रिंटमध्ये हे सुधारलं का? थोडं सुधारलं, थोडं नाही. सुधारलं असं की आता वापरणाऱ्याच्या नावावर जमीन लिहिली जाते. माझे तीन गुंठे माझ्या खात्यात येतात. रिव्हेट-कारनॅकच्या अहवालात ते 'वाढलेली लागवड' म्हणून यशाच्या खात्यात आले असते. हा मोठा फरक आहे.

पण शेतजमिनीच्या बाबतीत या पद्धतीत एक गोची आहे आणि ती पोस्टरवर लिहीत नाहीत. शेताची 'मागणी' आणि शेताची 'क्षमता' हे दोन्ही त्याच वर्षीच्या प्रत्यक्ष उत्पन्नावरून काढतात. म्हणजे जेवढं पिकलं तेवढी क्षमता आणि जेवढं पिकलं तेवढीच मागणी. जगाच्या पातळीवर शेतजमिनीचं खातं त्यामुळे कायम जुळतं, तूट येतच नाही. माती वाहून गेली, विहिरी आटल्या, कस गेला तरी या वर्षी पीक आलं ना? मग ठीक. पावणेदोन पृथ्व्यांतली तूट जवळजवळ सगळी कार्बनमधून येते. २०१३ मध्ये लायनस ब्लॉमक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवलं, रीस आणि वॅकरनेगल यांनी उत्तरही दिलं, वाद गाजला. टेस्टिंगवाल्यांना कळेल: जो टेस्ट केस कधीच फेल होऊ शकत नाही तो पास झाला याचा आनंद किती मानायचा?

पाण्याचा फूटप्रिंट वेगळा मोजतात, २००२ मध्ये आर्येन हुक्स्ट्राने ती कल्पना मांडली. टी-शर्टमागे २,७०० लिटर पाणी हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो जागतिक सरासरीतून येतो. आमच्याकडचा काढून बघू. पीक हंगामात समजा ५०० मिलिमीटर पाणी पिऊन हवेत सोडतं, म्हणजे हेक्टरी ५० लाख लिटर. रुई ३०० किलो. किलोला १६ ते १७ हजार लिटर, पाव किलोच्या टी-शर्टला चार हजारांवर! म्हणजे आमचे कोरडवाहू शेतकरी जगातले सर्वांत उधळे ठरले.

हे मी आजोळी मामांना सांगितलं. दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून नऊशेच्या आसपास गावं. विहीर खणा, पाणी लागतं, पण खारं. प्यायचं पाणी शहानूर, वान अशा धरणांवरून पाइपने येतं. मामा हसले.

"अरे बापा, खालचं पाणी त बैलबी तोंड लावत नाई. वरून पडते तेवढंच आपलं. मी पऱ्हाटी पेरली नाई त काय पाऊस आभायात वापस जाईन?"

हुक्स्ट्राच्या पद्धतीत याला उत्तर आहे, ते न्याय म्हणून सांगतो. पावसाचं, मातीत मुरलेलं पाणी 'हिरवं' आणि नदी-विहिरीतून उपसलेलं 'निळं' असे त्याने वेगळे रकाने केलेत. मामांचं सगळं हिरवं. पण बातमीत येताना दोन्हींची बेरीज होऊन येतं आणि कालव्याचं पाणी पाजणारा आणि आभाळाकडे बघणारा एकाच ओळीत बसतो. मामांच्या शेतात तुटवडा लिटरचा नाहीच. एक जमीन आहे, एक हंगाम आहे, त्यात कपाशी घेतली की ज्वारी नाही. खरी मागणी तिथे आहे.

याच्या उलट वरुड-मोर्शी. अमरावती जिल्ह्याचाच वरचा भाग, संत्र्याचा. पाणी गोड, म्हणून उपसा भरपूर, बोअर खोल खोल गेलेले. तिथे जे माप वापरतात ते मला आतापर्यंतच्या सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. मग साधा भागाकार: वर्षाला उपसलं किती आणि मुरलं किती. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, १०० च्या वर अतिशोषित. वरुड आणि मोर्शी ही नावं बऱ्याच मूल्यमापनांत शंभरीच्या वर राहिली आहेत. इथे टेस्ट केस फेल होऊ शकतो, आणि होतो. सरासरी पृथ्वी नाही, ग्लोबल हेक्टर नाही, याच खडकातलं पाणी, याच तालुक्याचा उपसा. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या संत्र्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तेव्हा त्या आकड्याकडे आधीच बघितलेल्या कुणालाही नवल वाटलं नसेल. अर्थात आकडा माहीत असणं आणि शेजारच्याने बोअर मारल्यावर आपण न मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खारपाणपट्ट्याबाहेर वऱ्हाडात गेल्या तीसेक वर्षांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. अकोल्याहून वाशीमकडे ऑगस्टमध्ये गाडीने जा, दोन्ही बाजूंना गुडघाभर हिरवं. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी बहुतेक सगळी पेंड. ही पेंड देशातल्या कोंबड्यांना जाते आणि बरीच परदेशातही जाते, म्हणजे कुठल्यातरी चिकनच्या ताटात आमचे एकर आहेत. कडबा नाही, सोयाबीनचं कुटार आहे ते गुरं नाइलाजाने खातात. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यांत वऱ्हाडचे पाचही जिल्हे होते, कारण सगळ्यांना माहीत आहे. तेव्हाही कर्ज मोजलं, आत्महत्या मोजल्या, पॅकेजची रक्कम मोजली, ३,७५० कोटी. घरच्या खाण्याची ज्वारी किती घरांत उरलीय, हा रकाना तेव्हाही नव्हता.

म्हणून सध्या मी शनिवारी अकोला जिल्ह्याची एक शीट भरतोय. पीक, क्षेत्र, उत्पन्न, कुठे गेलं, कोणी खाल्लं. पहिले तीन रकाने कृषी विभागाच्या आकड्यांवरून एका दुपारीत भरून झाले. चौथ्यासाठी बाजार समितीची आवक आणि जिनिंगवाल्यांच्या गाठी धरतोय. पाचव्यासाठी आईला फोन केला, आपल्याकडे वर्षाला ज्वारी किती लागते विचारलं. ती म्हणाली, "आता कुठं रे, आता सगळे पोळ्याच मागतात. तुह्या आजीच्या वेळेस दोन पोते लागे." दोन पोती लिहून ठेवलीत, वर्ष १९८५ च्या आसपास. तुमच्यापैकी कुणी अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, चांदूर बाजारकडचं असेल तर घरी विचारा आणि गावाच्या नावासकट आकडा पाठवा.